नव्या घराचा स्लॅब गळतोय, मिस्त्री फोन उचलत नाही? भांडणाआधी हे करा

दिवाळीनंतर उसाचं बिल हातात आलं की गावोगावी बांधकामं सुरू होतात. अक्षय्य तृतीयेपर्यंत स्लॅब, गिलावा, फरशी उरकून लोक राहायलाही जातात. खरी परीक्षा होते मृगाच्या पावसात. स्लॅबला ओल येते, गिलाव्याला भेगा दिसतात, बाथरूमचं पाणी मोरीकडं न जाता दाराकडं येतं. मिस्त्रीला फोन लावला तर "येतो उद्या" म्हणतो. तो उद्या काही येत नाही.

मग बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर चौकात गाठून भांडतात, नाहीतर गप्प बसून दुसऱ्या मिस्त्रीकडून दुरुस्ती करून घेतात. दोन्हीत नुकसान आपलंच आहे. भांडणातून पुरावा तयार होत नाही, आणि घाईने दुरुस्ती केली तर होता तो पुरावाही झाकला जातो. म्हणून आधी नोंद करायची, मग बोलायचं.

चूक कुणाची, हे आधी बघा

प्रत्येक भेग म्हणजे खराब काम नव्हे. गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा येतात, त्या बऱ्याचदा वरवरच्या असतात. पण स्लॅबला आरपार भेग, खालून खडी उघडी दिसणं, गज दिसणं किंवा गंजाचे डाग येणं, बोटाने ठोकल्यावर गिलावा पोकळ वाजणं, ही खराब कामाची लक्षणं आहेत. स्लॅबचा तुकडा सुटत असेल किंवा मध्ये झोळ आला असेल तर त्या खोलीत झोपू नका. बाकीचं नंतर.

मिस्त्रीचं ठरलेलं उत्तर असतं, "तुम्ही पाणी मारलं नाही." यात कधी कधी तथ्यही असतं. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस ओल राहिली पाहिजे. आपल्याकडं बहुतेक पीपीसीच वापरतात, गोणीवर लिहिलेलं असतं. म्हणून स्लॅबवर आळी करून पाणी साठवतानाचे रोजचे फोटो काढून ठेवा. तोच पुढं तुमचा पुरावा होतो.

दुसरं उत्तर, "माल तुमचा होता." मजुरीवर काम दिलं असेल, सिमेंट-वाळू तुम्ही आणली असेल, तर दुकानाची बिलं आणि वाळूचा फोटो जपा. माल बरोबर होता हे दाखवता आलं की प्रश्न कामावर येतो. काँक्रीट सैल व्हावं म्हणून जास्त पाणी ओतणं, गजाखाली कव्हर ब्लॉक न ठेवणं, सेंट्रिंग लवकर काढणं हे करणाऱ्याचे दोष आहेत, मालाचे नाहीत.

पहिल्या आठवड्यात करायची कामं

१. प्रत्येक दोषाचा फोटो आणि व्हिडिओ काढा. शेजारी टेप किंवा पट्टी धरा, म्हणजे भेग केवढी ते कळेल. गळतीचा व्हिडिओ पाऊस चालू असतानाच काढा.

२. किती पैसे कधी दिले याची यादी करा. फोन पे, गुगल पे, बँक, रोख सगळं लिहा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. मोबाईल बदलला तरी जुना जपून ठेवा.

३. तालुक्यातल्या एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला घर दाखवून सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. दोष काय, कारण काय आणि दुरुस्तीला खर्च किती, हे तीन मुद्दे त्यात पाहिजेतच.

४. हे होईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. पाणी थांबवायला वरून ताडपत्री टाकलेली चालते.

लेखी कळवा, तारीख द्या

आता मिस्त्रीला मेसेज करा. शिव्या नकोत, धमकी नको. असं लिहिलं तरी पुरे: "तुम्ही आमच्या घराचं काम अमुक तारखेला पूर्ण केलं. त्यापोटी इतके रुपये दिले. स्लॅब दोन ठिकाणी गळतो, फोटो सोबत आहेत. १५ दिवसांत येऊन पाहणी करून स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यावी." हाच मजकूर कागदावर सही करून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती सांभाळा.

बरेच मिस्त्री इथंच येतात, कारण त्यांनाही याच गावांत पुढची कामं घ्यायची असतात. आला तर काय दुरुस्त करणार आणि कधीपर्यंत, ते लिहून दोघांनी सह्या करा. गावातली तंटामुक्ती समिती चालू असेल तर तिच्यासमोर बसा, पण ठरलेलं कागदावर आणा.

राग आला म्हणून त्याच्या सेंट्रिंगच्या प्लेटा किंवा मिक्सर अडवून ठेवू नका. तक्रार तुमची असताना उलट तुमच्यावरच तक्रार व्हायची. पोलिसांकडंही खराब कामाची तक्रार बहुधा "दिवाणी बाब आहे" म्हणून परत येते. पैसे घेऊन काम सुरूच न करता पळून गेला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं फसवणुकीची तक्रार होऊ शकते.

ऐकलंच नाही तर ग्राहक आयोग

बिल्डरसाठीचा रेरा कायदा आपल्या जागेवर आपण बांधलेल्या घराला लागू होत नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही 'सेवा' धरलेली आहे. ठेका देऊन काम करून घेतलं आणि त्यात खोट राहिली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. रोजच्या हजेरीवर माणसं लावून स्वतःच्या देखरेखीखाली काम करून घेतलं असेल तर मात्र ही वाट अवघड आहे.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- मुदत: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. "बघू, करू" म्हणत दोन पावसाळे घालवू नका.
- फी: मिस्त्रीला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर काही नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० आणि २० ते ५० लाखांना १,००० रुपये.
- कुठं: तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मिस्त्री बाहेरच्या जिल्ह्यातला असला तरी.
- कशी: ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन किंवा प्रत्यक्ष. व्हिडिओद्वारे सुनावणीची सोय कायद्यात आहे. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून प्रत्येक तारखेला सोलापूर गाठायला नको असेल तर तशी विनंती करा.
- वकील सक्तीचा नाही. स्वतः बाजू मांडता येते.

आयोग दोष दूर करायला, पैसे परत द्यायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. कायद्यात निकालासाठी ३ महिने आणि तपासणी लागली तर ५ महिने असं म्हटलंय. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ती तयारी ठेवा.

आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा किंवा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं जा.

यंदा बांधणार असाल तर

आपलं बळ पैसा आपल्या हातात आहे तोवरच असतं. उचल देताना कामाच्या पुढं जाऊ नका. पाया, जोता, स्लॅब, गिलावा, फरशी असे टप्पे पाडा आणि टप्पा पाहूनच पैसे सोडा. शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा गेल्यावर द्यायचे, हे सुरुवातीलाच ठरवा. दर, माल कुणाचा, पाणी कोण मारणार, गळती झाली तर किती वर्षं जबाबदारी, हे सगळं एका पानावर मावतं. त्यावर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मिस्त्री ओळखीचा, पाहुण्यातला असला तरी हे पान कराच. उद्या वाद झालाच तर तो कागदावरून मिटतो, पाहुणचार तुटत नाही.