पोलाद आणि धूर

भिलाईच्या झोतभट्टीत कोक केवळ आच देत नाही. खनिजातील प्राणवायूही तोच ओढून घेतो. म्हणूनच या मार्गाने केलेल्या टनभर पोलादामागे सुमारे दोन टन कर्बवायू हवेत जातो. हेच काम हायड्रोजनही करू शकतो, परंतु सौर वा पवन विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन अद्याप महाग पडतो. भारताने २०२३ साली त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले.

इकडे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलादावर कर्बवायूच्या प्रमाणात आकारणी लागू केली. शतकाहून अधिक काळ कोळशावर श्रीमंत झालेल्यांनी हा हिशेब मागावा, हे मनास रुचत नाही. मोठे कारखाने निभावतील. युरोपास नट-बोल्ट पाठविणाऱ्या लुधियानाच्या लहान कारखानदाराला मात्र आधी आपला धूर मोजावयास शिकावे लागत आहे.