पेडल वाजते राहिले पाहिजे

१९६१ मध्ये अमेरिकेत मार्टी रॉबिन्सचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे गाजले. त्यात मधल्या तुकड्याला ग्रेडी मार्टिन या वादकाचा बास फाटक्या, भरभरत्या आवाजात येतो. तो आवाज कोणी ठरवून काढलेला नव्हता. नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सिंगच्या टेबलाचा एक चॅनल बिघडला होता आणि ऐकणाऱ्यांना तो बिघाडच आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तसा आवाज मुद्दाम काढणारे सर्किट तयार केले, ते गिब्सन कंपनीने घेतले आणि १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाची पायाने दाबायची पेटी बाजारात आली. १९६५ च्या रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नंतर तिला खरी मागणी आली. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे जोडायच्या अशा पेट्यांना इफेक्ट पेडल म्हणतात. काही पेडल आवाज फाडतात, काही तो लाटेसारखा हलवतात, काही मागून प्रतिध्वनी सोडतात. पन्नास-साठ वर्षांची झालेली ही पेडल जमवण्याचा छंद आज जगभर आहे. त्यात विस्मृतीत गेलेल्या, कोणाला फारशा माहीत नसलेल्या पेडलांबद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे: ती काचेच्या कपाटात ठेवून जपली जात नाहीत. दुरुस्त करून, वाजवून आणि त्यांचे सर्किट कागदावर उतरवूनच ती टिकतात. त्यासाठी लागणारे कौशल्य आपल्याकडे रेडिओ-टीव्हीच्या दुकानांत अजून शिल्लक आहे, पण ते झपाट्याने संपत चालले आहे.

प्रसिद्ध पेडलांची चिंता करण्याचे कारण नाही. फझ फेस, ट्यूब स्क्रीमर, बॉसचे कोरस यांच्या नव्या आवृत्त्या कंपन्या आजही काढतात. त्यांची सर्किटे हजारो लोकांना पाठ आहेत. अडचण आहे ती बिननावाच्या गर्दीची. जपानच्या शिन-एई कारखान्यातून फुमिओ मिएदा यांनी रचलेले युनि-व्हाइब बाहेर पडले आणि १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने ते वाजवल्यामुळे अजरामर झाले. पण त्याच कारखान्याची कितीतरी पेडल निरनिराळ्या विक्रेत्यांच्या नावांनी विकली गेली, आणि कोणत्या डब्यात कोणते सर्किट आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. काही छोटे निर्माते नक्कल टाळण्यासाठी आयसीवरचे नंबर घासून टाकत, काही सर्किटावर राळ ओतून ठेवत. असे पेडल बंद पडले आणि कोणी उघडलेच नाही, तर त्याच्याबरोबर एक कल्पनाही जाते. आपल्याकडे हे नुकसान आधीच झालेले आहे. १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट या रॉक बँडांच्या स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडची ‘ऑब्सेशन’ आहे. त्यांत फझ लावलेली गिटार स्वच्छ ऐकू येते. ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे मराठी रसिकांना माहीत असलेले नंदू भेंडे मुंबईच्या याच रॉक वर्तुळातले गायक. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात या मुलांनी ही यंत्रे कुठून मिळवली, कोणाकडून दुरुस्त करून घेतली, याबद्दल लिहिलेले फार थोडे सापडते. गाणी राहिली, यंत्रे गेली.

दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे पाहायला १९६६ चे फझ फेस उत्तम, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही. गोल धातूचा डबा, आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि वर फिरवायची दोन बटणे. बस्स. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. ९ व्होल्टची बॅटरी लावली की दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट मिळायला हवेत. मल्टिमीटरची एक टोकणी तिथे टेकवली की पेडलची प्रकृती कळते. व्होल्टेज फार घसरले किंवा चढले, तर आवाज तुटक येतो, सूर धरून राहण्याऐवजी मधेच गिळला जातो. आणि जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपतो आणि तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की हा झिरपा जवळजवळ दुप्पट होतो. इंग्लंडच्या थंड खोलीत जुळवलेले पेडल नागपूर जिल्ह्यात खापरखेड्याला मे महिन्यात ४५ अंशांत लावले, तर २५ अंशांच्या मानाने झिरपा चौपट झालेला असेल. पेडल बिघडलेले नसते, पण वाजवणाऱ्याला ते बिघडल्यासारखेच वाटते. तिथे ट्रान्झिस्टर काढून फेकणारा मेकॅनिक अडाणी. झिरपा मोजून, रेझिस्टर बदलून ते साडेचार व्होल्टवर परत आणणारा खरा.

यावर एक वाजवी आक्षेप आहे. जर्मेनियमचा एवढा हट्ट कशाला? खुद्द निर्मात्यांनीच १९६० च्या दशकाअखेर फझ फेसमध्ये सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर वापरायला सुरुवात केली, ते उन्हात डगमगत नाहीत आणि स्वस्तही आहेत. आक्षेपातले तथ्य मला मान्य आहे. विदर्भातल्या उघड्या मंचावर रोज वाजवायचे असेल तर सिलिकॉनचेच पेडल घ्यावे. पण सिलिकॉन लावल्यावर आवाज अधिक टोकदार होतो, कडा तीक्ष्ण होतात. म्हणजे तो वेगळा आवाज आहे, जुन्याची सुधारित प्रत नाही. जुन्या पेडलमध्ये जुनाच भाग हवा असेल, तर तो शोधायला युरोपात जाण्याची गरज नाही. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे भाग बनवले आणि आपल्या ट्रान्झिस्टर रेडिओंत ते भरभरून वापरले गेले. रेडिओच्या स्पीकरला आवाज पुरवणारा एसी१२८ हा फझ पेडल बनवणाऱ्यांचाही आवडता भाग आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याचा पासोड्या विठोबाजवळचा बाजार सोडाच. तालुक्याच्या गावातल्या जुन्या रेडिओ दुकानाच्या खणातही असे चार भाग निघू शकतात. त्यांतला प्रत्येक चालेलच असे नाही. झिरपा कमी आणि वर्धन सुमारे ७० ते १२० च्या दरम्यान, असे निवडून घ्यावे लागतात, आणि निवडणे हीच तर कारागिरी.

मोठी, थेट विजेवर चालणारी यंत्रे आणखी एक धडा देतात. खापरखेड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता १३४० मेगावॉट आहे आणि तिथली जनित्रे मिनिटाला ३००० फेरे घेतात. त्यातूनच आपल्या विजेची ५० हर्ट्झची लय ठरते. अमेरिकेत ही लय ६० हर्ट्झची आणि दाब आपल्या निम्मा. तिकडचे टेपवर चालणारे जुने इको यंत्र, ज्याची मोटर विजेच्या लयीवर फिरते, इथे ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवून लावले तरी सहातल्या पाच भाग वेगानेच फिरते. ३०० मिलिसेकंदांनी यायचा प्रतिध्वनी ३६० ने येतो आणि ठेक्यात बसत नाही. ट्रान्सफॉर्मरही अधिक तापतो. तसेच, जुन्या पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर वाळला की स्पीकरमधून १०० हर्ट्झची घरघर सुरू होते. ही घरघर म्हणजे वीज केंद्राचीच लय, दुप्पट होऊन, गाळणी कमकुवत झाल्याने आत शिरलेली. रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरचा कोणताही मुरलेला मेकॅनिक ती कानानेच ओळखतो. त्याला गिटार माहीत असण्याची गरज नसते.

संग्राहकांचा खरा विरोध मात्र भाग बदलण्यापाशीच सुरू होतो. त्यांच्या मते मूळ भाग बदलला की पेडलची किंमत उतरते आणि इतिहास पुसला जातो. हा विरोध मी हलक्यात घेत नाही. चुकीच्या हातांनी जुनी पेडल खरोखर नासवली आहेत: जास्त तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने तांब्याची पट्टी उचलली जाते, डब्याला नवीन भोके पाडली जातात, धन बाजू डब्याला जोडलेल्या सर्किटला साधा अडॅप्टर लावून ट्रान्झिस्टर जाळले जातात. पण इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर हा पणतीतल्या वातीसारखा आहे, तो झिजण्यासाठीच असतो. त्याच्या आतला ओला लेप काही दशकांत वाळतो, मग पेडल कपाटात असो वा मंचावर. तो तसाच ठेवण्याने जे जपले जाते ते निर्मात्याने ऐकवलेल्या आवाजाचे अवशेष असतात, आवाज नव्हे. मार्ग सोपा आहे: काढलेला भाग पाकिटात घालून पेडलसोबत ठेवावा, काय बदलले आणि केव्हा हे चिठ्ठीवर लिहावे, आधीची आणि नंतरची व्होल्टेज नोंदवावीत, उघडल्याबरोबर फोटो काढावेत. खरखरणारे पॉट, म्हणजे फिरवायच्या बटणामागचा भाग, बदलण्याआधी साफ करून पाहावे. पुढच्याला हवे तर सगळे पूर्ववत करता आले पाहिजे. ज्या पेडलचे सर्किट कुठेच छापलेले नाही, त्याचे सर्किट काढून ठेवणे मला भाग बदलण्याहूनही महत्त्वाचे वाटते.

दुसरा विरोध संगणकाच्या बाजूने येतो: आता एका डिजिटल यंत्रात शेकडो पेडलांचे आवाज मिळतात, मग जुन्याची सेवा का करायची? बहुतेक वादकांसाठी डिजिटल यंत्रच सोयीचे आहे, यात वाद नाही. पण नक्कल करायला आधी चालू स्थितीतला नमुना लागतो, आणि विस्मृतीतल्या पेडलांचे तसे नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेले असतात. शिवाय फझ फेस गिटारच्या पिकअपवर थेट भार टाकते. गिटारवरचे आवाजाचे बटण थोडे उतरवले की फाटका सूर जवळजवळ स्वच्छ होतो. मधे बफर, म्हणजे गिटारला पुढच्या भारापासून वेगळे ठेवणारे सर्किट, असलेले दुसरे पेडल ठेवा, ही जादू बिघडते. गिटार, तार आणि पेडल मिळून एक सर्किट होते, हे खऱ्या वस्तूला हात लावल्यावरच पटते, आणि चांगली नक्कल करणाऱ्यांनाही ते तिथूनच शिकावे लागले.

राहिला प्रश्न, आपल्या भागात याचा उपयोग काय. गिटारची पेडल इथे थोडी असतील, पण तेच तंत्र आपल्या मंचावर पूर्वीपासून आहे. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी १९६९ मध्ये शोधलेले, आवाज एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ढकलत उशीर करणारे सर्किट जपानच्या मात्सुशिता कंपनीने चिपमध्ये उतरवले. त्या चिपांवर जुने कोरस आणि डिले पेडल चालतात, आणि गायकांच्या माइकला घुमारा देणारी कितीतरी इको यंत्रेही. भीमजयंतीच्या किंवा शारदोत्सवाच्या कार्यक्रमासाठी बंद पडलेला इको ज्याने सुरू करून दिला, त्याने या तंत्राशी आधीच दोन हात केलेले आहेत. मात्सुशिताने त्या चिप बनवणे थांबवले. आज इतर कंपन्यांच्या पर्यायी चिप मिळतात, पण त्या बसवल्यावर व्होल्टेज आणि क्लॉक, म्हणजे आवाज पुढे ढकलण्याची गती, पुन्हा जुळवावे लागते. हे काम आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड केलेल्या मुलाला येण्यासारखे आहे. त्याला गरज आहे ती जर्मेनियम हाताळलेल्या एखाद्या म्हाताऱ्या मेकॅनिकशेजारी बसण्याची, आणि असे मेकॅनिक दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात, मंडळाच्या खोलीत किंवा बंद झालेल्या ऑर्केस्ट्राच्या पेटाऱ्यात जुने पेडल, इको यंत्र किंवा रेडिओच्या भागांचा डबा असेल, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी उघडून पाहा आणि फोटो काढा. ट्रान्झिस्टरवर एसी१२८ किंवा तसा नंबर दिसला तर तो बाजूला ठेवा. जुन्या यंत्राला सरळ वीज लावू नका. आतली बॅटरी पाझरली आहे का ते बघा आणि गावातल्या जाणत्या मेकॅनिकला दाखवा. त्याने काय केले ते त्याच्याकडूनच लिहून घ्या, आणि कागद डब्यातच ठेवा.