आईला बोटीनं न्यायचंय? आधी धक्का बघा

सुगी आटोपली की बचतगटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतो. घारापुरी, अलिबाग, गुहागर, मालवण, गोवा अशी नावं पुढं येतात आणि बोटीत बसायचं म्हणून पोरीबाळी हरखून जातात. तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज येतो, "तुम्ही जा गं बायांनो, माझे गुडघे कुठं चालतात? मी घर राखते." कोणाची सासू असते, कोणाची आई, कोणाची पोलिओनं पाय अधू झालेली नणंद. बाकीच्या "बरं" म्हणतात आणि यादीतून एक नाव कमी होतं. तिला सोबत हवी म्हणून घरातली आणखी एक सून थांबते. म्हणजे दोन नावं गेली.

आमचं म्हणणं असं, की हे नाव खोडायच्या आधी थोडी चौकशी करावी. बोटीत एकदा बसलं की बसूनच राहायचं असतं. अवघड असतं ते धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकणं आणि पलीकडं उतरणं. म्हणून कुठली बोट छान, हे विचारण्याआधी विचारायचं, की चढउतार कशी आहे.

चढउताराचे मोटे तीन प्रकार समजून घेऊ. पहिला प्रकार फेरीबोटीचा. हिच्यात गाड्याही चढतात. बोटीचं तोंड उघडून लोखंडी फळा उतरत्या धक्क्यावर टेकतो, पायरी नसते. दापोलीकडच्या दाभोळहून गुहागरकडच्या धोपाव्याला अशी बोट २००३ पासून चालते. वेश्वी ते बागमांडला, जयगड ते तवसाळ इथंही अशाच बोटी आहेत. काठी टेकत चालणारी बाई हळूहळू आत जाऊ शकते, चाकाची खुर्चीही ढकलत नेता येते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. ती मोठी आहे आणि साधारण तासाभरात पोचवते. बसायची जागा वरच्या मजल्यावर असेल तर जिना चढावा लागेल का, हे तिकिटाआधी विचारा. गोव्यात नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी रायबंदरहून चोडणला आणि पणजीहून बेतीला जातात. पायी जाणाऱ्याला तिथं तिकीट पडत नाही. ज्या आजीनं कधी बोट पाहिली नाही, तिच्यासाठी अशी पाच-दहा मिनिटांची फेरी म्हणजे चांगली सुरुवात.

दुसरा प्रकार लाँचचा. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला लाँच जातात. इथं धक्क्याच्या दगडी पायऱ्या उतरून लाँचच्या काठावर पाय ठेवावा लागतो. कधी कधी लाँच एकीला एक लागून उभ्या असतात, मग एकीतून दुसरीत जावं लागतं. घारापुरीला उतरल्यावर धक्का लांब आहे, त्यावर छोटी आगगाडी चालते. पुढं लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. तिथं डोलीवाले असतात. डोलीचे पैसे जाण्यायेण्याचे मिळून आधीच ठरवा. आणि सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरू नका.

तिसरा प्रकार होडीचा. मुरुडच्या जंजिऱ्याला वर्षानुवर्षं शिडाच्या होडीतून थेट किल्ल्याच्या दगडी पायरीवर पाऊल टाकावं लागत आलं आहे. होडी हलत असते, पायरी ओली असते. ज्यांचा तोल जातो त्यांच्यासाठी हा प्रकार नाही, असं आम्ही स्पष्टच सांगतो.

आता भरती-ओहोटीचं बघू, कारण धक्का तोच असला तरी वेळेप्रमाणं चढउतार बदलते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राला उधाण असतं. मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीच्या आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्या आसपास फरक पडतो. चार मीटर म्हणजे दोन पुरुषांहून जास्त उंची. भरतीला लाँच धक्क्याच्या बरोबरीला येते, ओहोटीला खाली जाते आणि शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा हा फरक निम्म्याहून कमी होतो.

कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा एक सोपा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे घरातलं कॅलेंडर बघूनच दिवस निवडता येतो. जाऊन लगेच परत यायचं असेल तर भरतीच्या आसपासची वेळ धरा. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस बरा, कारण दोन्ही वेळा पाणी फार खाली गेलेलं नसतं. हा अंदाज आहे, म्हणून नेमकी वेळ धक्क्यावर विचारून घ्या. काही ठिकाणी तरंगता धक्का असतो, तो पाण्याबरोबर वरखाली होतो. तिथं ही अडचण बरीच कमी होते. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात, त्यामुळे दिवाळीनंतरचा काळ बरा.

चढवताना हात कसा द्यायचा? बगलेत हात घालून ओढू नका, मनगट धरून खेचू नका. आपला हात कोपरात वाकवून पुढं करा आणि तिला धरू द्या. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मदत करणारीनं नेहमी खालच्या बाजूला उभं राहावं. लाट बोटीला वर आणते आणि क्षणभर स्थिर होते, तेव्हा पाऊल टाकायचं. खलाशाला रोजचा सराव असतो, तो "आता" म्हणेल तेव्हाच टाका. "चला, चला, मागं रांग आहे" असं कोणी म्हटलं तरी घाई करायची नाही. आपण शेवटी चढू, असं आधीच सांगून ठेवा. चाकाची खुर्ची उतारावरून खाली नेताना उलटी न्यावी, म्हणजे माणसाची पाठ उताराकडं येते आणि तोंडावर पडायची भीती राहत नाही. बोटीत खुर्चीचे ब्रेक लावा, पण माणसाला खुर्चीला बांधू नका. पाण्यात पडायची वेळ आली तर खुर्ची त्याला खाली ओढेल.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, आजीनंही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि अनेकांचा जीव गेला. दिवसाढवळ्या, शांत पाण्यात हे घडलं. पदर आत खोचून वरून जॅकेट घाला आणि पट्टे आवळा. लुगड्याचा घोळ पायात येत असेल तर त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस चालेल का, विचारून बघा. चपलेला मागून पट्टा हवा.

आता बायका उघड बोलत नाहीत ती गोष्ट. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून कित्येक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात, समुद्रावर, साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू असताना हे धोक्याचं आहे. लहान लाँचवर संडास नसतो असंच धरून चला, पण प्रवास तासाभराचा आहे. धक्क्यावर जाऊन या, मग बसा, आणि घोट घोट पाणी प्या. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळीनं म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते आणि तोल जातो. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच द्या.

हल्ली कोणाचा मुलगा मुंबई-पुण्यात कमावता असतो आणि आईवडिलांना गोव्याच्या किंवा लक्षद्वीपच्या मोठ्या क्रूझवर न्यायचं म्हणतो. तिथं लिफ्ट असते, पण प्रश्न विचारावे लागतातच. चाकाची खुर्ची जाईल अशी खोली आहे का? अशा खोल्या मोजक्याच असतात. दाराची रुंदी किती, न्हाणीघराला उंबरा आहे का? लक्षद्वीपला मोठं जहाज दूर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटीनं किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळलेला असेल तर ज्याला चालता येत नाही त्याला जहाजावरच थांबावं लागू शकतं. निघताना संकटकाळी कुठं जमायचं याचा सराव घेतात. आग लागल्यावर लिफ्ट वापरत नाहीत, तेव्हा आईला जिन्यानं कोण नेणार, हे त्याच वेळी कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा.

हे सगळं झालं तरी शेवटचा शब्द तिचा. डोलीत बसायला काही जणींना गंमत वाटते, तर काहींना परक्या पुरुषांच्या खांद्यावरून जाणं नको वाटतं. "आम्ही उचलून नेऊ" हे आपल्याला प्रेमाचं वाटतं, पण तिला लाजिरवाणं वाटू शकतं. तिला सगळी माहिती सांगा: पायऱ्या किती, बोट किती हलते, किती वेळ लागतो. मग ती "मी धक्क्यावर बसून बोटी बघेन" म्हणाली तर तेही ठीक. तेव्हा तिच्याजवळ कोण बसणार, याची पाळी लावा. दर वेळी तीच सून नको.

आणि धक्काच वाईट असेल तर? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात प्रवासाच्या सोयी दिव्यांगांना वापरता याव्यात, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात लहान बंदरं आणि तिथले धक्के यांचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडं असतं. कठडा नाही, उतार नाही, पायऱ्यांवर शेवाळ आहे, हे फोटोसह गटाच्या लेटरहेडवर लिहून पाठवा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोच ठेवा.

येत्या बैठकीत सहलीची यादी कराल, तेव्हा धक्क्यावर फोन करून तीन गोष्टी विचारा: पायऱ्या आहेत की उतार, त्या दिवशी भरती किती वाजता, आणि चढवायला खलाशी हात देतात का. उत्तरं मिळाली की मगच कोण येणार आणि कोण नाही ते ठरवा.