पाळलेल्या माशाचं मांस: खाद्यानं काय बदलतं, काय नाही

मासळीबाजारात रोहू-कटल्यासमोर उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "तळ्यातला आहे, काहीबाही खाऊ घालून फुगवलेला." तिकडे शेततळ्यात बोटुकली सोडलेला शेतकरी म्हणतो, "पोट भरलं की झालं, खाद्यावर एवढा खर्च कशाला?" दोघंही खाद्याबद्दलच बोलत असतात आणि दोघांचंही थोडं चुकतं. खाद्यानं माशाच्या मांसातलं सगळं बदलत नाही, पण जे बदलतं ते भरपूर बदलतं. यातला फरक कळला तर खाणाऱ्याची उगाचची भीती जाईल आणि पाळणाऱ्याचा पैसा योग्य जागी लागेल.

जास्त प्रथिनांचं खाद्य दिलं की मांसातलं प्रथिन वाढतं, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात ते प्रमाण माशाची जात आणि वाढीचा टप्पा यांवरून जवळपास ठरलेलं असतं. बहुतेक माशांत ते १६ ते २० टक्क्यांच्या आसपास राहतं. गरजेपेक्षा जास्त मिळालेलं प्रथिन मासा साठवून ठेवत नाही. ते जाळून तो ऊर्जा मिळवतो आणि उरलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. म्हणजे खाद्याची महागडी गोळी घेऊन तळ्याचंच पाणी बिघडतं.

खाद्याप्रमाणे खरी हलते ती चरबी, आणि ती वाढली की मांसातलं पाणी तेवढं कमी होतं. आपल्याकडे रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात देण्याची जुनी पद्धत आहे. आंध्रात छिद्रं पाडलेल्या पोत्यांत कोंडा भरून ती तळ्यात काठ्यांना बांधतात, मासे छिद्रांतून तो ओढून खातात. तळ्यात प्लवक भरपूर असेल तर हे चालून जातं, कारण प्रथिनांची कसर प्लवक भरून काढतं. मासे दाट सोडले आणि प्लवक पुरेनासं झालं की कोंड्यातल्या पिष्टमय पदार्थांची चरबी होते. पंगस कापणाऱ्या बाईंच्या हाताकडे नीट पाहा. पोट चिरलं की आतड्यांभोवती पिवळट-पांढऱ्या चरबीचे गोळे निघतात आणि सरळ टोपलीत जातात. खाद्याच्या पैशातून घडलेलं ते वजन कोणाच्याच ताटात पडत नाही. सामन माशाचं तसं नाही, त्याची बरीच चरबी स्नायूंतच मुरते, म्हणून तो तोंडात विरघळतो.

चरबी चढणं ही केवळ पाळलेल्या माशाची गोष्ट नाही. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खोल पाणी वर येतं, प्लवक फोफावतं आणि त्यानंतरच्या महिन्यांत तारली तेलानं भरते. तीच तारली वर्षाच्या दुसऱ्या काळात चांगलीच कोरडी लागते. समुद्रातला मासासुद्धा जे खातो तसाच लागतो.

"मासा म्हटला की ओमेगा-३ आलंच" हा समज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लोक आजारी माणसाला याच भरवशावर मासा खाऊ घालतात. ज्या दोन मेदाम्लांसाठी माशाचं एवढं कौतुक होतं, ती ईपीए आणि डीएचए, मुळात सूक्ष्म शैवालांत तयार होतात. शैवालाला प्राणी-प्लवक खातं, प्लवकाला लहान मासा खातो, लहान माशाला मोठा मासा खातो, अशी ती वर चढतात. बांगडा-तारलीत ती भरपूर असण्याचं कारण हेच. तळ्यातल्या माशाला कोंडा, मका आणि सोयाबीन एवढंच मिळालं तर त्याच्या चरबीत ओमेगा-६ वाढणार, कारण त्या धान्य-तेलबियांत तेच जास्त असतं. मग खाद्यात जवस घालावं का? विदर्भात जवस होतं, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. जवसानं मांसातलं ओमेगा-३ वाढतं खरं, पण वाढतं ते मुख्यतः जवसातलंच, म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. कार्पसारखे गोड्या पाण्यातले मासे त्यातून थोडं ईपीए-डीएचए बनवू शकतात. बहुतेक समुद्री माशांना तेही फारसं जमत नाही.

नॉर्वेच्या सामनाकडे पाहिलं की हे स्पष्ट दिसतं. १९९० च्या सुमारास तिथल्या सामनाच्या खाद्यात जवळजवळ नव्वद टक्के माल समुद्रातला असे, मासळीची भुकटी आणि मासळीचं तेल. २०१३ पर्यंत तो तीस टक्क्यांच्या घरात आला आणि त्याची जागा सोया व रेपसीडनं घेतली. समुद्र उपसून खाद्य करणं थांबायलाच हवं होतं, त्यामुळे हा बदल मला योग्य वाटतो. पण किंमत मोजावी लागलीच. स्कॉटलंडमधल्या पाळीव सामनातलं ईपीए-डीएचए २००६ ते २०१५ या काळात जवळपास निम्म्यावर आलं. तरीही तो ओमेगा-३ चा चांगला स्रोत राहिला आहे. काढणीपूर्वीचे शेवटचे काही महिने मासळीच्या तेलाचं खाद्य दिलं, तर गेलेला बराच भाग परत भरून येतो. माशाची चरबी गोठलेली नसते, ती सतत बदलत राहते.

आता वास. "रोहू चिखल खातो म्हणून मातकट लागतो" असं घरोघरी ऐकू येतं आणि बिचाऱ्या माशाच्या खाण्यावर खापर फुटतं. त्या वासाचं मुख्य कारण जिओस्मिन आणि एमआयबी ही दोन संयुगं. नील-हरित शैवालं आणि मातीतले काही जीवाणू ती तयार करतात. ती प्रामुख्यानं कल्ल्यांतून माशाच्या रक्तात शिरतात आणि चरबीत जाऊन बसतात. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो तो याच जिओस्मिनचा. तो आपल्याला हवासा वाटतो, कालवणात मात्र नकोसा होतो. खाद्याचा संबंध इथे आडवळणानं येतो. गरजेपेक्षा जास्त टाकलेलं खाद्य तळाशी कुजतं, त्यातून पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस वाढतं, पाणी हिरवं दाट होतं आणि नेमकी हीच शैवालं माजतात. त्यात मासा चरबट असेल तर वास धरून ठेवायला जागाही जास्त मिळते. उपाय साधा आहे. काढलेला जिवंत मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला की वास उतरतो. अमेरिकेत मिसिसिपीच्या भागात कॅटफिश घेणारे कारखाने तळ्यावर जाळं टाकण्याआधी नमुन्याचा मासा मागवतात, त्याचा तुकडा मीठ-मसाल्याशिवाय शिजवतात आणि माणूस तो हुंगून, चाखून पाहतो. मातकट लागला तर त्या तळ्याची काढणी थांबवतात. आपल्याकडेही पाळणाऱ्याला हे घरच्या चुलीवर करता येईल. शेपटीकडचा तुकडा वाफवायचा आणि झाकण काढताच वास घ्यायचा.

रंगाबद्दल मात्र अफवाच फार. सामनाला इंजेक्शननं रंग भरतात, ही त्यातली एक. सामन स्वतः तो रंग बनवू शकत नाही, समुद्रात तो कोळंबीसारख्या कवचधारी जीवांतून अस्टाझँथिन मिळवतो. पाळलेल्याला तेच द्रव्य खाद्यातून देतात आणि माशाच्या शरीरात ते चरबीला खवट होण्यापासूनही जपतं. उलट पांढऱ्या मांसाच्या माशात मक्याचं पिवळं द्रव्य जास्त गेलं तर तुकडी पिवळसर दिसते आणि भाव पडतो. ती खायला वाईट नसते.

खाद्यानं मांसाचा कणखरपणाही बदलू शकतो. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात झोंगशानला गवत्या माशाला शेवटचे काही महिने बाकला शेंगेचे दाणे खाऊ घालतात. मांस इतकं घट्ट होतं की शिजल्यावरही करकरीत राहतं, आणि असा मासा तिथे मुद्दाम जास्त पैसे देऊन घेतात.

तिलापियाला, म्हणजे आपल्या चिलापीला, हार्मोन देतात हे अर्धं खरं आहे. काही बीज केंद्रांत पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून नर-संप्रेरक देतात, म्हणजे जवळजवळ सगळी पिल्लं नर होतात, तळ्यात बेसुमार प्रजनन होत नाही आणि वाढही एकसारखी होते. त्यानंतर मासा कित्येक महिने साध्या खाद्यावर वाढतो आणि त्या मुदतीत संप्रेरक शरीरातून निघून जातं. मांस फुगवायला रोज दिलं जाणारं हार्मोन हे नव्हे. काळजी करायचीच तर बंदी असलेल्या क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांची करावी, आणि ओलीत ठेवलेल्या खाद्याचीही. कोकणातल्या पावसात गोळीच्या पोत्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही, त्यातून अफ्लाटॉक्सिन येतं, आणि खाद्यातलं तेल खवट झालं की माशातलं जीवनसत्त्व ई खर्ची पडतं. मग बर्फात ठेवलेला मासाही लवकर खवट लागतो.

शेवटचा समज शेतकऱ्यांचा. काढणीच्या आदल्या दिवशी पोटभर खाऊ घातलं की वजन भरतं, असं वाटतं. भरतं ते आतड्यातलं खाद्य. पकडताना ते बाहेर पडून पाणी आणि मासे दोन्ही घाण होतात, पोटातले पाचकरस मेल्यानंतरही काम करत राहतात आणि पोटाकडचं मांस सगळ्यात आधी मऊ पडतं. एक-दोन दिवस उपाशी ठेवून पहाटे गारव्यात काढलेला आणि लगेच बर्फात टाकलेला मासा वजनात नगण्य घटतो, पण बाजारात जास्त वेळ टिकतो.