न्यूटॉक

न्यूटॉक (युपिक नाव : निउग्ताक) हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलास्का राज्याच्या पश्चिम भागात निंगलिक नदीच्या काठी वसलेले युपिक लोकांचे एक लहान खेडे होते. नदीच्या सततच्या धुपेमुळे व गोठलेली जमीन वितळल्यामुळे ते राहण्यायोग्य उरले नाही. 2019 ते 2024 या काळात तेथील वस्ती नदीपलीकडील मर्टार्विक या नव्या गावी हलविण्यात आली. हवामानबदलामुळे संपूर्ण गावाने एकत्र स्थलांतर केल्याच्या अमेरिकेतील पहिल्या काही उदाहरणांत न्यूटॉकची गणना होते.

स्थान व परिसर

युकॉन व कुस्कोक्विम या दोन मोठ्या नद्यांच्या मुखांदरम्यान पसरलेल्या सखल, दलदलीच्या त्रिभुज प्रदेशात न्यूटॉक वसलेले होते. बेथेल हे या भागातील मुख्य शहर तेथून सुमारे 150 किमी. अंतरावर आहे. गावास बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नव्हता. ये-जा लहान विमानांनी, उन्हाळ्यात बोटींनी आणि हिवाळ्यात नद्या गोठल्यावर बर्फावर चालणाऱ्या मोटारवाहनांनी होत असे. इंधन व जड सामान उन्हाळ्यात मालवाहू पडावांतून येई. हा प्रदेश टंड्रा प्रकारचा असून येथे मोठी झाडे वाढत नाहीत. त्यामुळे नदीतून वाहत येणारे ओंडके हेच लाकूड मिळण्याचे मुख्य साधन आहे. गावाची लोकसंख्या 2010 च्या जनगणनेनुसार 354 होती. 2020 मध्ये, स्थलांतर सुरू झाल्यानंतर, ती 209 इतकी नोंदली गेली.

इतिहास

न्यूटॉकच्या लोकांचे पूर्वज शेजारच्या नेल्सन बेटाच्या (युपिक नाव : कालुयात) परिसरात दीर्घकाळ राहत आले. इंग्रजी नाव या भागात 1870 च्या दशकात फिरलेले निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड विल्यम नेल्सन यांच्यावरून पडले. पूर्वी या लोकांची वस्ती एका जागी कायम नसे. हिवाळी गाव, वसंतातील सीलच्या शिकारीचा तळ, उन्हाळ्यातील मासेमारीचा तळ अशी त्यांची हालचाल ऋतूंप्रमाणे चाले. नदीने काठ खाल्ला, तर तळ मागे सरकवणे एवढाच त्यावरचा उपाय असे. 1949 च्या सुमारास काही कुटुंबे कियालाविक या पूरग्रस्त ठिकाणाहून न्यूटॉक येथे आली. 1958 मध्ये केंद्र शासनाच्या आदिवासी व्यवहार विभागाने येथे शाळा बांधली. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंबांना एकाच जागी राहणे भाग पडले. शाळेमागून विजेचे जनित्र, इंधनाच्या टाक्या, धावपट्टी अशा सोयी आल्या. सोयी वाढल्या, पण गाव हलवण्याची पूर्वीची मोकळीक मात्र संपली.

लोकजीवन

‘युपिक’ या शब्दाचा अर्थ ‘खरा माणूस’ असा होतो. गावातील जीवन निर्वाहापुरती शिकार, मासेमारी व संकलन यांवर आधारलेले आहे. वसंतात सील व स्थलांतर करून येणारे हंस-बदक वर्गातील पक्षी, त्यानंतर हेरिंग, सामन व हॅलिबट मासे, उन्हाळ्याच्या अखेरीस रानबोरे, शरदात मूस हे मोठे हरीण आणि हिवाळ्यात बर्फाला भोके पाडून धरलेले काळे मासे, असा वर्षाचा क्रम असतो. हेरिंग मासे गवताच्या वेण्यांत गुंफून वाळवतात. मासे व सील चिरण्यासाठी स्त्रिया अर्धचंद्राकृती पात्याची ‘उलुआक’ ही सुरी वापरतात. चरबी, रानबोरे व साखर एकत्र फेटून केलेला ‘अकुताक’ हा पदार्थ सणासमारंभांत आवर्जून असतो.

मिळालेले अन्न वाटून खाणे हा या समाजाचा मूलभूत नियम होय. मुलाने केलेली पहिली शिकार घरात न ठेवता वृद्धांना व इतरांना वाटली जाते. वसंतातील पहिला सील मिळाल्यावर त्या घरच्या स्त्रिया मांस, चरबी व भेटवस्तू जमलेल्या स्त्रियांना वाटतात. नवजात बालकास नुकत्याच निवर्तलेल्या व्यक्तीचे नाव देण्याची प्रथा आहे. त्या नावाबरोबर मृताची नातीही बालकाकडे येतात अशी श्रद्धा असल्याने आजी आपल्या नातवास ‘बाबा’ म्हणून हाक मारू शकते. युपिक भाषा घरांत आजही बोलली जाते. ढोलाच्या तालावरील ‘युराक’ हे नृत्य आणि ‘माकि’ हे बाष्पस्नान यांनाही सामाजिक जीवनात स्थान आहे.

न्यूटॉकमधील घरांत नळाचे पाणी नव्हते. पिण्यासाठी पावसाचे पाणी साठवत व हिवाळ्यात बर्फ वितळवत. शौचासाठी घरोघरी बादल्या असत व त्या गावाबाहेर रिकाम्या कराव्या लागत.

नदीची धूप

या प्रदेशातील जमिनीखाली वर्षानुवर्षे गोठलेला थर असतो. तापमान वाढल्याने तो वितळतो, जमीन खचते व नदीच्या प्रवाहापुढे काठ सहज ढासळतो. समुद्रात बर्फ उशिरा धरू लागल्याने शरदातील वादळी लाटांना अडसर उरत नाही. न्यूटॉकचा काठ काही वर्षी 70 फुटांहून अधिक मागे हटला. 1996 मध्ये निंगलिक नदीने न्यूटॉक या लहान नदीचा प्रवाह आपल्यात ओढून घेतला. त्यानंतर लहान नदीचे पात्र संथ झाले, त्यातील मैला वाहून जाईना व आरोग्याचा प्रश्न उभा राहिला. 2005 च्या वादळात गावाभोवती पाणी पसरून त्याचे काही काळ बेट झाले. 2022 च्या सप्टेंबरमध्ये मेर्बोक चक्रीवादळाच्या अवशेषांनी काठाचा आणखी भाग नेला.

स्थलांतर

गावाने 1994 मध्येच स्थलांतराची तयारी सुरू केली होती. ग्रामस्थांनी नेल्सन बेटावरील, सुमारे 15 किमी. दूरची, उंच व खडकाळ जागा निवडली. ‘मर्टार्विक’ म्हणजे ‘पाणी भरण्याची जागा’. तेथे गोड्या पाण्याचा झरा आहे. ही जमीन वन्यजीव अभयारण्याचा भाग असल्याने जमिनींच्या अदलाबदलीसाठी कायदा करावा लागला व तो 2003 मध्ये झाला. लष्कराच्या अभियंता विभागाने खर्चाचा अंदाज 8 ते 13 कोटी डॉलर इतका केला. मात्र संपूर्ण गाव हलविण्याची जबाबदारी असलेले एकही शासकीय खाते नव्हते. 2006 पासून विविध खात्यांचा समन्वय साधणारा एक गट काम करू लागला. आपत्ती साहाय्याचा कायदा अचानक आलेल्या संकटांसाठी आहे. वर्षानुवर्षे होणारी धूप त्यात बसत नसल्याने 2017 मध्ये गावाचा आपत्ती घोषणेचा अर्ज फेटाळण्यात आला. 2018 मध्ये केंद्राकडून दीड कोटी डॉलर मिळाले आणि ऑक्टोबर 2019 मध्ये पहिली कुटुंबे मर्टार्विकला गेली. मधली पाच वर्षे गाव नदीच्या दोन काठांवर विभागलेले होते. उरलेली कुटुंबे 2024 च्या अखेरीस हलली. तेव्हाही नव्या गावातील अनेक सोयी अपुऱ्या होत्या व काही कुटुंबांना तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले.

महत्त्व

शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2003 च्या अहवालानुसार अलास्कातील 213 मूलनिवासी गावांपैकी 184 गावांना पूर व धूप यांची झळ पोहोचत होती. बेथेल किंवा अँकरेजसारख्या शहरांत विखुरणे न्यूटॉकच्या कुटुंबांना कमी खर्चाचे झाले असते. परंतु तसे केल्यास शिकारीची ठिकाणे, भाषा व अन्नवाटपाची नाती तुटतील, म्हणून त्यांनी एकत्र हलण्याचा आग्रह धरला. ऑक्टोबर 2025 मध्ये हालाँग चक्रीवादळाच्या अवशेषांनी किपनुक व क्विगिलिंगोक ही याच किनारपट्टीवरील युपिक गावे उद्ध्वस्त केली व शेकडो रहिवाशांना विमानांनी अँकरेजला न्यावे लागले. वेळीच व एकत्र हलणे आणि संकटानंतर विखुरणे यांतील अंतर त्या घटनेने स्पष्ट झाले.