मुळशीतलं पर्यटन चालवणार कोण? प्रगत व्यावसायिक शिक्षणाविषयी थोडं

(व्याख्यानाचं शब्दांकन)



शनिवारी सकाळी चांदणी चौकात उभं राहा. गाड्यांची रांग पौड रस्त्याला लागलेली दिसेल. भूगाव, पिरंगुट, पौड, मग धरणाचं पाणी आणि पुढे ताम्हिणी. पावसाळ्यात ही रांग संपता संपत नाही. म्हणजे मुळशीत पर्यटन आहे का, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते आहेच. प्रश्न असा की, ते चालवतं कोण?

एखाद्या रिसॉर्टमध्ये आत शिरताना आम्ही नेहमी एक गोष्ट बघतो. गेटवरचा वॉचमन कुठला? गावातला. बागेत खुरपणारी मावशी कुठली? गावातली. भांडी घासणारा पोरगा? शेजारच्या वाडीतला. आणि काचेच्या केबिनमध्ये बसलेला मॅनेजर? आमच्या पाहण्यात तरी बहुतेक वेळा बाहेरचा. बाहेरच्या माणसाबद्दल आमची तक्रार नाही, तो शिकून आलाय. पण आपला पोरगा वीस वर्षं गेटवरच का राहतो, याचं उत्तर शोधायला हवं. आजचा विषय तोच आहे.

जमीन गेली, मग काय राहिलं?

मुळशीला हा अनुभव नवा नाही. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावं आपल्याला माहीत आहेत. धरण झालंच. खोऱ्यातली भाताची जमीन पाण्याखाली गेली, पाणी घाटाखाली भिऱ्याला गेलं आणि वीज मुंबईला. ज्यांची जमीन गेली, त्यांना त्या विजेच्या धंद्यात जागा नव्हती.

पुढे २००० नंतर लवासा आलं. डोंगरात अख्खं शहर उभं करायचं ठरलं. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण आजच्या विषयासाठी लवासातली एक वेगळी गोष्ट महत्त्वाची आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या प्रसिद्ध हॉटेल विद्यालयाच्या सहकार्याने तिथे २००९ मध्ये हॉस्पिटॅलिटीचं महाविद्यालय सुरू झालं होतं. म्हणजे जगातलं सगळ्यांत जुनं हॉटेल विद्यालय आणि आपला मुळशी तालुका यांचा संबंध आलेला आहे!

आता लोझानचं ते विद्यालय कसं जन्मलं ते बघा. साल १८९३. जिनिव्हाच्या सरोवराकाठी हॉटेलं वाढत होती आणि शिकलेली माणसं मिळत नव्हती. तेव्हा तिथल्या हॉटेलवाल्यांनीच शाळा काढली. म्हणजे धंदा आधी होता, गरज धंद्याला जाणवली आणि त्या गरजेतून शाळा आली. आपल्याकडे उलट झालं. शाळा एका मोठ्या प्रकल्पाचा भाग म्हणून आली आणि प्रकल्पच अडला. यातून आम्ही एवढाच धडा घेतो की, इथलं प्रगत शिक्षण एका प्रकल्पाच्या खुंटीला टांगून चालणार नाही. ते पौड रस्त्यावरच्या शंभर छोट्या-मोठ्या धंद्यांच्या गरजेतून उभं राहायला हवं.

‘प्रगत’ म्हणजे नेमकं काय?

व्यावसायिक शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तीन महिन्यांचा कोर्स येतो. टेबल कसं लावायचं, चादर कशी घालायची, पाहुण्याला नमस्कार कसा करायचा. हे लागतंच, त्याला कमी लेखू नका. पण ती पहिली पायरी झाली.

आम्ही मुलांना असं सांगतो. पहिल्या पायरीवरचा माणूस एक काम नीट करतो. दुसऱ्या पायरीवरचा माणूस एक पाळी सांभाळतो, म्हणजे आठ तासांत दहा माणसांकडून काम करून घेतो. तिसऱ्या पायरीवरचा माणूस अख्खा हंगाम सांभाळतो. पावसाळ्यात गर्दी किती येईल, एप्रिलमध्ये पाणी कुठून आणायचं, पगार कशातून द्यायचे, हे त्याला आधी दिसतं. प्रगत शिक्षण म्हणजे दुसरी आणि तिसरी पायरी.

कागदावर या पायऱ्या आपल्या देशात आहेत. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.व्होक. ही पदवी आणली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. बारावीनंतर एक वर्ष केलं की पदविका, दोन वर्षं केली की प्रगत पदविका, तीन वर्षं केली की पदवी. मधेच कामाला लागायचं असेल तर हातात काहीतरी घेऊन बाहेर पडता येतं आणि पुन्हा परत येता येतं. साठ टक्के भाग कौशल्याचा, चाळीस टक्के सर्वसाधारण शिक्षणाचा. ज्या घरात मुलाच्या कमाईची वाट बघतात, त्या घरासाठी ही रचना फार सोयीची आहे. पण हे आपल्या गावातल्या किती पालकांना माहीत आहे? बारावी झाली की ‘बी.ए. कर नाहीतर कंपनीत लाग’ एवढंच सांगितलं जातं.

आता तिसऱ्या पायरीवर शिकवतात काय, ते दोन उदाहरणांनी पाहू.

पहिला धडा: खोल्यांचा हिशोब

समजा, धरणाच्या बाजूला एका कुटुंबाचं सहा खोल्यांचं होमस्टे आहे. आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतलेत, कुणाच्या वहीतले नाहीत. खोलीचं भाडं रात्रीला २,५०० रुपये. जेवणाचा हिशोब वेगळा ठेवू.

वर्षाच्या ३६५ रात्री गुणिले सहा खोल्या, म्हणजे विकायला २,१९० रात्री आहेत. पण मुळशीत पाहुणा येतो कधी? शनिवारी. बावन्न शनिवार गुणिले सहा, ३१२ झाले. सुट्ट्या आणि पावसाळ्यातले इतर दिवस धरून अजून १५० घ्या. एकूण ४६२. म्हणजे शंभरातल्या जेमतेम २१ रात्री विकल्या गेल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ‘काय गर्दी आहे, यांची चांदी आहे!’ कारण तो फक्त शनिवारी येतो.

जमा झाले ११ लाख ५५ हजार. आता खर्च. दोन माणसांचा पगार ३ लाख ६० हजार. वीज, धुलाई, दुरुस्ती मिळून २ लाख. ऑनलाइन बुकिंगवाल्याचं कमिशन १८ टक्के धरलं तर २ लाख ७ हजार ९००. बँकेचा हप्ता महिना २५ हजार, वर्षाचे ३ लाख. बेरीज केली तर १० लाख ६७ हजार ९००. हातात उरले ८७ हजार १००. महिन्याला सात-सव्वासात हजार. त्यापेक्षा कंपनीत बरं, असं पोरगा म्हणणारच.

इथे न शिकलेला माणूस काय करतो? शनिवारचं भाडं वाढवतो, नाहीतर एका खोलीत आठ जण कोंबतो. शिकलेला माणूस उरलेले सहा दिवस बघतो. मंगळवारी-बुधवारी कोण येऊ शकतं? शाळेची सहल, पक्षी बघणारे, भातलावणी बघायला येणारी शहरातली कुटुंबं, निवांत काम करायला येणारा हिंजवडीतला एखादा. आणि हिंजवडी आपल्याच तालुक्यात आहे, हे विसरू नका. अशा आठवड्याला फक्त तीन खोल्या १,८०० रुपयांनी थेट फोनवर विकल्या. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर १५० रात्री, २ लाख ७० हजार. खोलीमागे चारशे रुपये जादा खर्च, म्हणजे ६० हजार वजा. कमिशन नाही. २ लाख १० हजार वाढले. ८७ हजारांचे २ लाख ९७ हजार झाले! एकही नवी खोली न बांधता, डोंगराचा एक फूटही न कापता.

गुणाकार चौथीतलाच आहे. पण तो कधी मांडायचा, हे कुणीतरी शिकवावं लागतं.

दुसरा धडा: किती माणसं पुरेत?

हा धडा जास्त गंभीर आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला, चार जणांचा जीव गेला. हे दोन्ही शेजारच्या तालुक्यात घडलं. आणि ताम्हिणीत तर एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाल्याची नोंद आहे. ओढा बघता बघता कसा चढतो, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

अशा घटनेनंतर प्रशासन बंदी घालतं. ते समजण्यासारखं आहे. पण बंदीने भजीवाल्याची चूल बंद होते आणि हौशी मंडळी आडवाटेने जातातच. बंदी आणि मोकाट यांच्या मधे जे असतं त्याला व्यवस्थापन म्हणतात.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे जागेची धारणक्षमता काढणं. समजा, धबधब्याखालची सुरक्षित जागा ४०० चौरस मीटर आहे. माणशी चार चौरस मीटर धरले तर एका वेळी शंभर जण. एक जण साधारण दोन तास थांबतो, जागा आठ तास उघडी, म्हणजे चार तुकड्या. दिवसाला चारशे. पण थांबा, हिशोब इथे संपत नाही. गाड्या लावायची जागा किती? वीस गाड्या, चार-चार माणसं, म्हणजे एका वेळी ऐंशीच. वाटेतला साकव एका वेळी किती माणसं पेलतो? दहा. दोरी आणि जॅकेट घेऊन उभी राहणारी प्रशिक्षित मुलं किती? दोनच. ती दोघं मिळून पन्नास जणांवरच नजर ठेवू शकत असतील, तर तुमचा आकडा पन्नास. म्हणजे साकवावर एका वेळी दहापेक्षा जास्त सोडायचे नाहीत आणि धबधब्यापाशी पन्नासच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. सगळ्यांत लहान आकडा खरा. आणि वरच्या डोंगरावर ढग फुटला की तो आकडा शून्य. शून्य म्हणायचा अधिकार कुणाकडे, शिट्टी कुणी वाजवायची, माणसं कुठल्या वाटेने बाहेर काढायची, हे आधी लिहून ठेवलेलं असायला हवं.

हे शिकलेला एक जण प्रत्येक गर्दीच्या जागी असता तर? आम्ही एवढंच विचारतो.

इथलं ज्ञान अभ्यासक्रमात

तिसरी गोष्ट थोडक्यात. घनगड, कोरीगड, तैलबैलाच्या भिंती, अंधारबनची वाट, आंबेमोहराचं शेत, रानभाज्या, मुळशी सत्याग्रहाचा इतिहास. हे सगळं इथल्या माणसाकडे आहे, पण त्याला वाटतं की त्यात सांगण्यासारखं काय? कातकरी आणि धनगर वस्तीवरच्या मुलाला रानातली वाट जितकी कळते, तितकी कुठल्या पुस्तकाला कळणार? त्याला फक्त मांडायला शिकवायचं, आणि त्याबद्दल फी घ्यायची असते हेही शिकवायचं. चुलत्याने सांगितलेली गोष्ट आणि कागदावरचा इतिहास यांतला फरक मात्र पाहुण्याला प्रामाणिकपणे सांगायचा.

मग हे उभं कसं करायचं?

तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, वेळापत्रक इथलं हवं. भातलावणीच्या दिवसांत आणि गर्दीच्या शनिवार-रविवारी वर्ग ठेवलात तर मुलं येणार नाहीत. सोमवार ते गुरुवार वर्ग, शनिवार-रविवार काम, आणि ते काम अभ्यासात धरलेलं.

दोन, भाषा. हिशोब, सुरक्षा, कायदा मराठीतून शिकवा. इंग्रजी पाहुण्याशी बोलायला लागते, ती वेगळी आणि नीट शिकवा. इंग्रजी येत नाही म्हणून हुशार पोरगी पहिल्याच पायरीवर अडकलेली आम्ही पाहिली आहे.

तीन, मुलींची ने-आण. रात्रीची पाळी संपल्यावर घरी सोडायची सोय नसेल, तर आई-वडील पाठवणार नाहीत आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*एवढं शिकून शेवटी नोकरीच करायची ना?*

काही जण नोकरी करतील, त्यांनी मॅनेजरची करावी. काही जण स्वतःचं काढतील. पण जमीन विकून आलेल्या पैशांतून आधी गाडी आणि मग बंगला, हा क्रम आपण भोवताली बघतोय. ज्याला हिशोब येतो तो निदान जमीन भाड्याने देऊन राखायचा विचार तरी करेल.

*आमचा मुलगा रिसॉर्टवर वेटर आहे, वय सव्वीस. आता उशीर झाला का?*

अजिबात नाही, मावशी. सात वर्षांचं काम हे त्याचं भांडवल आहे, पहिली पायरी त्याने चढलेलीच आहे. त्याला उद्यापासून एक वही घालायला सांगा. रोज किती पाहुणे आले, कुठून आले, काय मागितलं आणि काय मिळालं नाही. वर्षभर ही वही लिहिली, तर मुळशीच्या पर्यटनाबद्दल त्याला जे कळेल ते केबिनमधल्या साहेबालाही माहीत नसेल. मग ती वही घेऊन आमच्याकडे या, पुढच्या पायरीचं आपण बघू.