अंतर आणि काळ : दोन बेटांचे उदाहरण

‘गाव दोन तासांवर आहे’ असे म्हणताना मराठी भाषक अंतर काळाने मोजतो. वाहनाचा वेग ठरावीक आहे, हे त्यामागचे गृहीत असते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात मात्र ते टिकत नाही. वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांवरील विमानतळांत अवघे २.७ किलोमीटर अंतर आहे. तेथे १९६७ पासून नियमित विमानसेवा आहे. त्या मार्गावरील आयलँडर विमानाचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर धरल्यास ४० सेकंद पुरेसे ठरावेत. तथापि वेळापत्रकात दोन मिनिटे दिलेली असतात आणि विक्रमी उड्डाणासही ५३ सेकंद लागले. याचे कारण असे की, एवढ्याशा अंतरात विमानाचा बराचसा काळ वेग घेण्यात व तो कमी करण्यात जातो. शिवाय वाऱ्याच्या दिशेप्रमाणे तो काळ कमीअधिक होतो. २०११ च्या जनगणनेनुसार पापा वेस्ट्रेवर ९० रहिवासी होते. अशा वस्तीस शिक्षक व डॉक्टर बाहेरून यावे लागतात. धुक्यामुळे उड्डाण रद्द झाले, तर समोर दिसणारे बेटही दूरचे ठरते. तात्पर्य, ‘अंतर’ नकाशावर मोजता येते. ‘जवळ’ आणि ‘लांब’ यांचा अर्थ मात्र प्रवासाच्या साधनावरून ठरतो.